बैठक आठवड्याची, हप्ता धानाचा

शेतकरी कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे आश्वासन राज्य सरकारने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी दिले आणि कर्जाविषयीची सारी चर्चा पात्रता, थकबाकी व मर्यादा या शब्दांभोवती फिरू लागली. मात्र २०१७ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या कर्जमाफी योजना बँका व सहकारी संस्थांच्या शेतीकर्जापुरत्या होत्या. घरातील स्त्रीच्या नावावर असलेले मायक्रोफायनान्सचे हप्ते, किराणा दुकानातील उधारी आणि खासगी सावकाराचे देणे त्यांच्या कक्षेत आले नव्हते, आणि भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात घराला रोजचा काच याच कर्जांचा असतो.

लाखांदूर-पवनीपासून मोहाडी-तुमसरपर्यंत शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न धानाच्या हंगामाला बांधलेले असते. जुलैच्या सुमारास रोवणीवर रोख पैसा खर्च होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होते आणि आधारभूत खरेदी केंद्रावर धान दिल्यानंतर चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाची रक्कम, खात्यात जमा होण्यास आणखी काही काळ जातो. ज्यांना सिंचन आहे त्यांना उन्हाळी धानाचा दुसरा आधार मिळतो. इतरांना वर्षाचा मोठा भाग मजुरीवर किंवा उसनवारीवर काढावा लागतो. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता या घरावर लादला की एका कंपनीचा हप्ता दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो आणि कर्ज फिटण्याऐवजी केवळ धनको बदलत राहतो.

या चक्रातून एकत्रितपणे बाहेर पडण्याची चौकट स्वयंसहायता बचत गटांच्या रूपाने उपलब्ध आहे. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केलेल्या बँक जोडणीचा विस्तार महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ म्हणजेच राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांनी केला. ‘उमेद’च्या पद्धतीत गट सूक्ष्म पत आराखडा तयार करतो, ज्यात प्रत्येक सदस्येच्या कुटुंबाच्या गरजा आणि आधीची देणी मांडून कोणाला, कशासाठी व किती कर्ज द्यायचे याचा क्रम ठरतो. बँकेकडून गटाला मिळालेल्या कर्जातून सदस्यांनी जुने महाग कर्ज फेडण्यास ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या नियमांत मुभा आहे. हा आराखडा दरवर्षी कर्जमुक्तीचा सामूहिक संकल्प म्हणून राबवला, तर त्याचे बळ हिशेबातूनच दिसते. दहा हजार रुपयांवर दरमहा शेकडा पाचने वर्षाला ६,००० रुपये व्याज सावकाराकडे जाते. शेकडा दोन आकारणाऱ्या गटात ते २,४०० होते आणि गटाच्या स्वतःच्या निधीतून दिलेल्या कर्जावरील हे व्याज सदस्यांच्याच सामाईक निधीत राहते.

तरीही ‘गट’ म्हटले की सारे सामोपचाराने चालते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मायक्रोफायनान्समधील संयुक्त जबाबदारी गटातही स्त्रिया एकत्र बसतात, परंतु पैसा कंपनीचा असतो, वेळापत्रक तिचेच असते आणि एकीचा हप्ता चुकला की इतर सदस्याच वसुली करणाऱ्या ठरतात. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात याच दबावाचा उद्रेक होऊन सरकारला अध्यादेश काढावा लागला.

या संदर्भात एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांचे कोलकात्यातील संशोधन विशेष लक्ष देण्याजोगे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साप्ताहिक हप्त्याऐवजी मासिक हप्ता दिल्याने थकबाकी वाढल्याचे आढळले नाही, तर २०१२ च्या अभ्यासात मासिक हप्ता भरणाऱ्या कर्जदारांमध्ये परतफेडीची चिंता व ताण सांगणाऱ्यांचे प्रमाण साप्ताहिक हप्तेवाल्यांपेक्षा निम्म्याच्या आसपास होते. बेंजामिन फाइगेनबर्ग यांच्यासह केलेल्या २०१३ च्या अभ्यासाने मात्र दुसरी बाजू दाखवली: पहिल्या कर्जाच्या काळात दर आठवड्याला भेटणाऱ्या गटांतील स्त्रियांचा परस्परसंबंध वाढला आणि पुढील कर्जात त्यांची थकबाकी कमी राहिली. हे निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले, तर भेट वारंवार व्हावी आणि हप्ता उत्पन्नाच्या गतीने यावा, असा अर्थ काढता येतो. शहरातील फेरीवालीला मासिक हप्ता सोयीचा असेल. भंडाऱ्यातील धान उत्पादक घराला तोही वर्षातील अनेक महिने जड जातो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत, वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबावरील सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत, असे बंधन आहे. वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागून काढलेले मासिक उत्पन्न कागदावर नीटनेटके दिसते, पण रोवणीच्या महिन्यात ते हातात नसते. त्याच चौकटीत कर्जदाराच्या गरजेनुसार परतफेडीच्या हप्त्यांची वारंवारता लवचिक ठेवण्याचे धोरण आखणे धनको संस्थांना बंधनकारक आहे. त्यामुळे चुकाऱ्यानंतर मोठा आणि एरवी नाममात्र हप्ता मागण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. एकटी कर्जदार ही मागणी रेटू शकत नाही, गाव पातळीवरील गटांचा महासंघ मात्र रेटू शकतो. कर्जमाफीच्या याद्या तयार होतील तेव्हा होतील. गटांनी आपल्या देण्यांची यादी येत्या रोवणीपूर्वी तयार करावी, सर्वांत महाग कर्ज आधी फेडण्याचा क्रम ठरवावा आणि हप्त्यांचे वेळापत्रक बँकेपुढे स्वतः मांडावे, हे अधिक खात्रीचे आहे.