पांढरी सोडून काळीवर

गावगाड्याच्या जुन्या भाषेत गावच्या जमिनीचे दोन भाग असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथाच्या वाचकांना हे शब्द परके नाहीत. ही विभागणी केवळ महसुली सोयीसाठी झाली होती असे समजण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. तिच्यावर कापूस, ज्वारी, सोयाबीन उत्तम येते, भिंत मात्र धड राहत नाही. म्हणून वस्ती उंचवट्यावर, मुरूम हाताशी असेल तेथे, आणि पीक सखल काळ्या रानात, अशी वाटणी पूर्वजांनी केली. घर आणि शेत एकाच मातीवर हक्क सांगत नव्हते, ही त्या व्यवस्थेतील आर्थिक बाजू होय.

हिंगोली जिल्ह्यात आज ही वाटणी मोडीत निघत आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. जिल्ह्याचे ठिकाण झाले की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून नोकरदार येतात आणि नोकरदारांमागून प्लॉट पडतात. हे प्लॉट पडतात ते सडकेच्या कडेला, म्हणजे बहुधा काळ्या रानात. चांगली पिकाऊ जमीन जाते हा तोटा सर्वांना दिसतो. त्या जमिनीवर बांधलेल्या घराच्या भिंतीला तिसऱ्या-चौथ्या वर्षी चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते, हा दुसरा तोटा मालक गवंड्याच्या माथी मारून मोकळा होतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा पायाचा असतो. काळ्या मातीवर घर बांधताच येत नाही असे नव्हे. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फार पूर्वीच तीवर उपाय दिला आहे : तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब, ऋतुमानाने माती जिथवर हलते त्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत उतरवायचे आणि त्यांच्यावर तुळई टाकून भिंत उभारायची. सरकारी इमारतींच्या अभियंत्याला हे तंत्र ठाऊक असते. ज्याला एकच घर आणि तेही कर्ज काढून बांधायचे असते, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

पांढरीवरचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. खाली दगडमातीच्या किंवा भेंड्याच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. घराचा आकार खणांत मोजीत. दोन खांबांमधले अंतर हेच मोजमाप. भिंतीची जाडी वाया जात नसे. तिच्यातच कोनाडे, देवळ्या, फडताळे असत, त्यामुळे घराला वेगळ्या कपाटाची गरज क्वचितच पडे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती जाड भिंत व तो मातीचा थर दिवसभराची उष्णता अडवून धरीत, आणि रात्री माणसे माळवदावर झोपत. आजच्या घरात लोखंडी कपाट, दिवाणखान्यातील सोफा आणि छताला पंखा आहे. पंखा वीज असेपर्यंत चालतो, आणि तोही तापलेल्या स्लॅबखालची हवाच खाली ढकलतो.

एवढ्यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. पहिली गोष्ट, ही घरे सर्वांची नव्हती. चिरेबंदी वाडा आणि त्याची ढाळज पाटील-देशमुखांची. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या वाट्याला कुडाची झोपडीच असे, आणि पांढरीवर त्याला सन्मानाची जागाही नव्हती. त्याच्या नातवाला सिमेंटचा स्लॅब प्रिय वाटतो, यात केवळ हौस नाही. दुसरे असे की, मातीच्या घराची दरसालची निगा, सारवण, पोतेरे हे सारे श्रम घरातील स्त्रियांचे होते आणि त्यांची मजुरी कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही. मातीचे घर स्वस्त असते असे म्हणणाऱ्याने हा खर्च मांडून मग बोलावे. सागवानाचे तर नावच काढायला नको.

आणि तिसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने आपल्याच घरांच्या भिंतींखाली व माळवदांखाली. त्यानंतर साऱ्या मराठवाड्याचा मातीवरील विश्वास उडाला. परंतु अभियंत्यांनी नंतर जी कारणे दाखविली, ती सावकाश वाचण्यासारखी आहेत. भिंतीतले दगड गोलसर होते, बाहेरचा थर व आतला थर एकमेकांत गुंतविणारे लांब जोडदगड घातलेले नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकली जाई, जुनी मात्र कोणी काढीत नसे; वर्षानुवर्षे हे ओझे वाढत गेले होते. म्हणजे दोष मातीपेक्षा बांधणीतील हयगयीचा अधिक होता. म्हणूनच पुनर्वसनाच्या काळात पडलेल्या घरांची नवी गावे वसविली जात असताना, उभी राहिलेली घरे माळवदावरची जादा माती उतरवून, भिंतीत जोडदगड घालून बळकट करण्याचा कार्यक्रमही सरकारने हाती घेतला होता. लोकांच्या मनात मात्र राहिले ते एकच : माती मारते, सिमेंट तारते. नवी गावे सरळ रेषेत, शहरी वसाहतीच्या आराखड्याने आखली गेली. गुरांचा गोठा, कडब्याची गंज, अंगणातली बैठक यांची जागा आराखड्यात नव्हती. ती लोकांनी मागाहून, जमेल तशी, पत्रे ठोकून करून घेतली.

हिंगोलीला हा विषय दूरचा नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षे लोकांच्या परिचयाचे आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ रिश्टरचा आणि त्यापाठोपाठ ३.६ चा असे दोन धक्के बसले; १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ चा धक्का बसला. केंद्र हिंगोली जिल्ह्यातच होते. मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने लोकांना आवाहन केले, की घराच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून ठेवा. या एका आवाहनात आजच्या ग्रामीण घराचे सारे वास्तव आले आहे. माळवद गेले, स्लॅब परवडला नाही, मध्ये पत्रा आला. आणि वावटळीत तो उडू नये म्हणून माणसे डोक्यावर पुन्हा दगडच ठेवून झोपू लागली.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, जगातील अत्यंत नाजूक अशा यंत्रांपैकी एकाची वास्तू उभी राहावयाची आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाईदेखील मीटरभराचा फरक पाडते आणि जोते बांधताना तो भरून काढावा लागतो. दूरवरच्या मालमोटारींनी होणारी जमिनीची थरथरसुद्धा या यंत्राला चालत नाही. म्हणून देशभरातील अनेक जागा पाहून, वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन हे ठिकाण निवडले गेले. जवळच यादवकाळातील नागनाथाचे मंदिर आहे. त्याच्या खालच्या भागातील कोरीव काळा पाषाण याच भूमीचा आहे. ती घडविणाऱ्यांनीही जागा आणि दगड पारखूनच हात घातला असणार. जमिनीला आधी विचारावे आणि मग बांधावे, हा नियम देवाला लागू झाला, विज्ञानाला लागू झाला. घरकुलाच्या लाभार्थ्यालाच तो लागू होऊ नये, हे विचित्र आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे क्षेत्र ठरले. शिवाय रोजगार हमीची मजुरी मिळते. यातील किती रुपया गावात फिरतो, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारण्याजोगा प्रश्न आहे. सिमेंट व सळई यांचा पैसा त्याच आठवड्यात जिल्ह्याबाहेर जातो. गवंडी, सुतार, पाथरवट, वीटभट्टीवाला यांच्या हाती पडलेला पैसा निदान एकदा तरी गावच्या बाजारात उतरतो. सेवाग्रामची घरे उभारताना गांधीजींचा आग्रह जवळपासच्या साहित्याचाच होता. त्या विचाराने प्रभावित झालेल्या लॉरी बेकर यांना अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राची वास्तू बांधावयास दिली. विटा उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडणारी त्यांची भिंत विटा वाचविते आणि ऊनही अडविते; स्लॅबच्या खालच्या अंगाला टाकाऊ कौले भरून ते सिमेंट वाचवीत. केरळची लाल माती हिंगोलीत नाही, हे खरे. येथे काळा दगड आहे, मुरूम आहे, चुना आहे. बेकरांची नक्कल न करता त्यांची रीत घेता येईल.

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने निरनिराळ्या प्रदेशांच्या हवामानानुसार घरांचे नमुने तयार केले आहेत आणि योजनेत गवंड्यांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. हे नमुने ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र क्वचित दिसतात. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्यांच्या छायाचित्रांवर मिळतो. त्या छायाचित्रात जोते दिसते, लाभार्थी दिसतो, मागचे काळे रान दिसते. पायाला मुरूम लागला होता की नाही, ते दिसत नाही; आणि ते पाहणे अद्याप कोणाचेच काम ठरलेले नाही.