कुक, जे

कुक, जे : (१० ऑगस्ट १८२१–फेब्रुवारी १९०५). अमेरिकन बँकव्यवसायी व गुंतवणूक-बँकव्यवसायाचा एक आद्य प्रवर्तक. जन्म ओहायओ राज्यातील सँडस्की येथे. फिलाडेल्फियातील ई. डब्ल्यू. क्लार्क अँड कंपनी या पेढीत तो १८३९ मध्ये कारकून म्हणून लागला व १८४२ मध्ये तिचा भागीदार झाला. १ जानेवारी १८६१ रोजी त्याने ‘जे कुक अँड कंपनी’ ही स्वतःची पेढी स्थापिली. काही महिन्यांतच यादवी युद्ध सुरू झाले आणि त्यातूनच पेढीचा उत्कर्ष झाला.

सरकारी कर्जरोखे तोवर प्रामुख्याने मोठ्या शहरांतील बँकाच घेत. ते सामान्य माणसाला विकता येतील, ही कुकची दृष्टी होती. अर्थमंत्री सॅमन चेस याने ऑक्टोबर १८६२ मध्ये त्याला ‘पाच-वीस’ रोख्यांचा विक्री-अभिकर्ता नेमले. सहा टक्के व्याजाच्या या रोख्यांची मुदत वीस वर्षांची होती. मात्र पाच वर्षांनंतर सरकारला ते केव्हाही फेडता येत. कुकने सु. २,५०० उप-अभिकर्ते नेमले, वृत्तपत्रांत जाहिरातींचा धडाका लावला आणि जानेवारी १८६४ पर्यंत पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. १८६५ मध्ये ७.३ टक्के व्याजाचे सु. ८३ कोटी डॉलरांचे रोखेही त्याने विकले. शंभर डॉलरांमागे दररोज दोन सेंट, हा त्यांच्या व्याजाचा हिशेब कोणाही शेतकऱ्याला तोंडी करता येण्याजोगा होता.

हीच विक्रीपद्धती त्याने १८७० पासून नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेसाठी योजली. व्याजाचा दरही ७.३ टक्केच ठेवला. परंतु सरकारी रोख्यांमागे करवसुलीचा अधिकार होता, तर या रोख्यांमागे वस्ती व्हावयाची असलेली जमीन. फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे यूरोपातील विक्रीचा मार्गही खुंटला. रोखे खपेनात, तेव्हा पेढीने ठेवीदारांचा मागताक्षणी परत करावयाचा पैसा रेल्वेला दीर्घकाळासाठी उचल म्हणून दिला. कुकची खरी चूक ही होय. १८ सप्टेंबर १८७३ रोजी पेढीच्या न्यूयॉर्क शाखेतील भागीदाराने कुकला न विचारताच दारे बंद केली. त्यापाठोपाठ फिलाडेल्फियातील मुख्य पेढीही बंद पडली. २० सप्टेंबरपासून न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद राहिला. त्यानंतरची मंदी १८७९ पर्यंत टिकली.

या दिवाळ्याची सर्वांत करुण झळ लागली ती गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना. त्यांच्यासाठी स्थापिलेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या अर्थसमितीवर कुकचा भाऊ हेन्री होता व बँकेचा पैसा कुकच्या पेढीत गुंतला होता. गैरव्यवस्थेने आधीच पोखरलेली ही बँक १८७४ मध्ये बुडाली. तिचे साठ हजारांहून अधिक ठेवीदार होते.

पुढे यूटातील हॉर्न सिल्व्हर या चांदीच्या खाणीत कुकने पुन्हा संपत्ती मिळविली. नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग १८८३ मध्ये हेन्री व्हिलर्डच्या कारकीर्दीत पूर्ण झाला. कुकचा जावई चार्ल्स बार्नी याने १८७३ मध्ये काढलेली पेढी १९३८ मध्ये दुसऱ्या एका पेढीत विलीन होऊन ‘स्मिथ बार्नी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.