सांधा पक्का तर गाडी पक्की

आज बोलायचं आहे ते मागे दोन जादा चाकं बसवलेल्या स्कूटरबद्दल. अशा गाडीवर आपल्या कितीतरी दिव्यांग बहिणी कामाला जातात, बाजार करतात, मुलांना शाळेत सोडतात. चाकं बसवताना लोखंडी फ्रेम कशी आहे ते सगळे बघतात. पण त्या फ्रेमवर जे जादा दिवे लागतात, त्यांच्या वायरी कशा जोडल्या आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही.

आमच्याकडे अशी एक गाडी आली होती. गाडीच्या ताई कुबड्या घेऊन चालतात. काही महिने मागचा दिवा मंद जळायचा. इंडिकेटर लावला की टेल लाइटही सोबत लुकलुकायचा. बल्ब दोनदा बदलले, बॅटरी नवी घातली, तरी फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी रेल्वे फाटकाशी त्यांनी गाडी बंद केली आणि ती परत चालूच होईना. हॉर्न नाही, दिवे नाहीत, स्टार्टरचं बटण गप्प. आपण काय करतो? उतरून किक मारतो, नाही तर ढकलत नेतो. त्यांना दोन्ही शक्य नव्हतं. ओळखीचं माणूस भेटेपर्यंत दीड तास त्या अंधारात बसून राहिल्या.

आम्ही सीट काढली तेव्हा कारण दिसलं. मागच्या दिव्यांच्या वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एक वायर फ्रेमच्या कडेला घासून उघडी पडली होती. ती लोखंडाला टेकली आणि फ्यूज उडाला. त्या गाडीला एकच मुख्य फ्यूज होता, म्हणून दिव्यांबरोबर स्टार्टरही गेला.

आता हे नीट समजून घेऊ. वायर मधेच सहसा खराब होत नाही, खराब होतो तो सांधा. पिळलेल्या सांध्यावरची टेप उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने सैल होते. आत पाणी जातं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि वीज अडखळते. २१ वॅटच्या ब्रेक दिव्याला १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर वीज लागते. सांध्यात एक ओहमचा जरी अडथळा आला, तरी जवळजवळ दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. उजेड साधारण एक तृतीयांशाने घटतो आणि सांधा तापतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण ब्रेक दाबल्याचं कळलंच नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. वीज बॅटरीतून दिव्यापर्यंत गेली की तिला परतही यावं लागतं. गाडीत ही परतीची वाट बहुतेक चॅसीच्या लोखंडातूनच असते. पण जादा चाकांची फ्रेम रंगवलेली असते आणि नट-बोल्टने जोडलेली असते. रंगातून वीज जात नाही आणि बोल्ट गंजतात. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. म्हणूनच इंडिकेटरबरोबर टेल लाइट लुकलुकत होता. दोष ना बल्बचा होता, ना बॅटरीचा.

आम्ही मागची सगळी वायरिंग नव्याने केली. ती कशी, ते क्रमाने सांगतो.

सुरुवातीला मोबाइलवर फोटो काढले आणि कोणती वायर कुठे जाते ते कागदावर लिहिलं. प्रत्येक वायरला नाव लिहिलेली पट्टी चिकटवली. रंगावर भरवसा ठेवू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून चॅसीला लागला तर ठिणगी उडते. परत जोडताना उलट करायचं, निगेटिव्ह शेवटी.

वायर घेतली ती गाडीसाठी मिळते ती, बारीक तारांच्या जुडीची. घरातल्या फिटिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत घालू नका. धक्के बसून ती आतल्या आत तुटते.

सांध्यासाठी थिंबल आणि ते दाबायची क्रिम्पिंगची पक्कड वापरली. थिंबलला दोन पकडी असतात. एक उघड्या तांब्याला धरते, दुसरी वरच्या प्लॅस्टिकला. दुसरी नीट दाबली की धक्का तांब्यावर येत नाही. दाबून झालं की वायर हाताने ओढून बघायची. निघाली तर सांधा कच्चा. वरून श्रिंक स्लीव्ह घालून गरम करायची, म्हणजे ती आवळून बसते. एक लक्षात ठेवा, स्लीव्ह सांधा करायच्या आधीच वायरीत ओवायची. आम्हीही हे विसरलो आहोत आणि पक्का झालेला सांधा कापून पुन्हा केला आहे.

प्रत्येक मागच्या दिव्यापासून वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. आता बोल्ट गंजला तरी दिवा जळेल.

मग फ्यूज. टेल लाइट, ब्रेक लाइट आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर यांच्या वायरी फ्रेमकडे जायच्या आधी सीटखाली प्रत्येकीला आपापला लहान फ्यूज दिला. केवढा? दिव्यांच्या वॅटला १२ ने भागा. २१ वॅटचे दोन ब्रेक दिवे म्हणजे ४२ वॅट, साडेतीन अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज. तो मुख्य फ्यूजपेक्षा लहान हवा. मागे वायर टेकली तर बहुतेक वेळा तोच आधी उडतो आणि स्टार्टर वाचतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद कधीच घालू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण टेकलेली वायर लाल होऊन गाडी पेटवू शकते.

शेवटी वायरी बांधल्या. सायलेन्सरपासून लांब, लोखंडाच्या भोकातून जाते तिथे रबराची बुशी, आणि मागचा भाग हलतो तिथे थोडी सैल. कपलरचं तोंड खाली ठेवलं, म्हणजे पाणी आत साठत नाही.

तुमच्या गाडीची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. साधा मीटर डीसी २० वर ठेवा. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. मग दिवा लावून त्याच्या दोन टोकांना मीटर लावा आणि लगेच बॅटरीलाही लावून बघा. दोन आकड्यांत एक व्होल्टचं अंतर असेल, तर बल्ब बदलू नका, सांधा शोधा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेकदा बघितलं तरी पुरे.

आणि गाडी मेकॅनिककडे दिलीत तर "झालं का?" एवढंच विचारू नका. "सांधे थिंबलने केले का? मागच्या दिव्यांची अर्थिंग वेगळी आहे का? फ्यूज कुठे आहे, मला दाखवा," असं विचारा. त्या ताईंच्या डिकीत आता जादा फ्यूज असतात आणि ते बसल्या जागी कसे बदलायचे हे त्यांना येतं. ज्या बाईला गाडी ढकलता येत नाही, तिला हे आधी शिकवायला हवं होतं.