मेजर कोणता घ्यायचा? ऐकीव काय आणि खरे काय

बारावीचा निकाल लागला की घरात एक शब्द फिरू लागतो: स्कोप. ‘त्या विषयाला स्कोप काय?’ असे विचारणाऱ्या काकांची स्वतःची पदवी आणि त्यांची नोकरी यांचा काडीचाही संबंध नसतो, पण तो मुद्दा सहसा कोणी काढत नाही. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) यांची भर घातली. महाराष्ट्रात ही रचना २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत आली, आणि तिच्यासोबत ऐकीव माहितीही.

‘मेजर ठरला की आयुष्य ठरले’ हा त्यातला सर्वांत पसरलेला समज. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची असते. त्यातली १८ ते २० क्रेडिट मायनरची, १० ते १२ ओपन इलेक्टिव्हची. शिवाय भाषा, कौशल्ये वगैरे वेगळी. मायनर दुसऱ्या शाखेतला घेता येतो. ओपन इलेक्टिव्ह तर मेजरच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मुले तो ‘मार्क कशात पडतात’ एवढे बघून घेतात, आणि इथेच संधी हुकते. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे पंधरा तास. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे तीस तासांत एखादा अनोळखी विषय चाखून बघण्याची सोय, तीही त्याच फीमध्ये. ज्याचे अजून ठरत नाही, त्याने हा पेपर विचार करून निवडावा.

अर्थात हे झाले कागदावरचे. तालुक्याच्या कॉलेजात शिक्षकच मोजक्या विषयांचे असतील, तर मायनरची यादीही तेवढीच राहते. वेळापत्रकात दोन विषय एकमेकांवर येतात. म्हणून नियम वाचण्याआधी त्या कॉलेजात यंदा प्रत्यक्ष काय शिकवले जाणार आहे, ते विचारावे.

‘यूपीएससी करायची तर राज्यशास्त्रच’ असेही छातीठोकपणे सांगितले जाते. परीक्षेला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात आणि तो विषय पदवीचाच हवा असे बंधन नाही. भूगोलाचा पदवीधर मराठी साहित्य घेऊ शकतो. एमबीएची सीईटी किंवा तीन वर्षांचे एलएलबी यांनाही शाखेची अट नाही, फक्त टक्केवारीची आहे. सीएकडेही पदवीनंतर थेट वळता येते: कॉमर्सवाल्याला ५५ टक्के लागतात, इतरांना ६०.

मग काहीही घेतले तरी चालते का? नाही. बीएस्सी करून एमएला जाणे सोपे. बीए करून भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला जाणे जवळपास अशक्य. अर्थशास्त्रात पुढे नामांकित संस्थेत शिकायचे असेल, तर प्रवेश परीक्षेत गणित आडवे येते. तेव्हा मन दोलायमान असेल आणि गणित-विज्ञान झेपत असेल, तर ते सुटणार नाही असा पर्याय घेतलेला बरा. वाट मागे वळवायची झाली तर ती याच बाजूने वळते.

सर्वांत जास्त फसगत विषयाच्या नावाने होते. मानसशास्त्राचेच बघा. ‘मला लोकांशी बोलायला आवडते’ म्हणून मुले ते घेतात आणि पुढे सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध काढत बसतात. प्रात्यक्षिकांचे जर्नल वेगळेच. हे अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर दिसत नाही, टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) पेपरांत दिसते. बीए झाले की समुपदेशनाचा दवाखाना थाटता येईल हाही भ्रमच: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले पुढचे शिक्षण आणि परिषदेकडची नोंदणी लागते. विषय उत्तम आहे, पण ज्याला आकडेमोडीचा तिटकारा आहे त्याने आधी टीवायची एखादी जुनी प्रश्नपत्रिका डोळ्यांखालून घालावी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्यायला दहा मिनिटे लागतात. त्यातले कोणते प्रकरण परीक्षा नसतानाही वाचावेसे वाटते, हे बघितले तर कलचाचणीच्या महागड्या अहवालाइतके तरी कळतेच, असे माझे मत.

‘चार वर्षे सक्तीची झाली’ हे साफ चुकीचे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष ऑनर्ससाठी.

राहिला विषय बदलण्याचा. ‘वर्ष वाया जाते’ ही भीती निम्मीच खरी. मिळवलेली क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत साधारण सात वर्षे वापरता येतात. मात्र ती जमा असणे वेगळे आणि नव्या विषयात धरली जाणे वेगळे. भाषेचे किंवा पर्यावरणाचे पेपर सहसा चालून जातात. जुन्या मेजरचे पेपर नव्या मेजरला उपयोगी पडतीलच असे नाही, आणि जागा रिकामी असावी लागते ती निराळीच. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच तीन गोष्टी ऑफिसात विचाराव्यात: मेजर कायम कोणत्या सत्रात होतो, बदलाचा अर्ज कधीपर्यंत चालतो, आणि आधीचे कोणते पेपर धरले जातात. खिडकीवरचे उत्तर ऐकून निघू नये. परिपत्रकाची प्रत मागावी.