पाहुणचाराचा दर

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे नांदेड सोडून मुदखेडला वळली, म्हणजे उमरी, करखेली, धर्माबाद अशी स्थानके घेत ती गोदाकाठच्या बासरला पोहोचते. ज्या नगरीत 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, त्या नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबाचे दर्शन घेऊन परतणारे शीख भाविक, लेकराच्या अक्षरारंभासाठी बासरच्या सरस्वतीकडे निघालेली मराठी व तेलुगू कुटुंबे, आणि या दोहोंच्या मध्ये बाजारहाट, कोर्टकचेरी, नातीगोती सांभाळीत ये-जा करणारी मंडळी, असा मोठा प्रवासी वर्ग या लोहमार्गावरून वर्षभर वाहत असतो. उमरीच्या फलाटावर त्याची गाडी थांबते. तो स्वतः मात्र उतरत नाही.

त्याने का उतरावे, असा प्रश्न केला असता येथील माणूस प्रथम संकोचतो, आणि मग माहूरची रेणुका, पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा, कंधारचा भुईकोट, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे अशी दूरदूरची नावे सांगून मोकळा होतो. जणू आपल्या गावाची योग्यता शेजारच्या तालुक्यांच्या जामिनावरच ठरावयाची असते. अजिंठा-वेरूळच्या तोडीचे शिल्प उमरी परिसरात नाही, हे खरे. परंतु एखादा मुलूख दाखविण्याजोगा ठरतो तो केवळ दगडामुळे नव्हे. तेथील जमीन, पीक, बोली आणि आठवणी यांची सुसंगत माहिती देणारा माणूस त्या मुलखात असला, तर साध्या मोंढ्यातून मारलेली फेरीही प्रवाशाला पुरेशी होते.

आता याच मोंढ्याचे पाहा. कापूस व धान्याच्या उलाढालीमुळे निजामी अमदानीतच उमरीचा लौकिक झाला होता आणि हैदराबाद स्टेट बँकेची शाखाही येथे होती. 30 जानेवारी 1948 रोजी, म्हणजे ज्या सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या सशस्त्र तुकडीने ही शाखा लुटून लक्षावधी रुपये हस्तगत केले. संस्थानच्या सरहद्दीपलीकडील छावण्यांतून चाललेल्या लढ्याच्या कामी तो पैसा लागला, त्याचा जमाखर्च ठेवला गेला, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतर शिल्लक रक्कम हिशेबासह सरकारजमा करण्यात आली. लुटीचा ताळेबंद मांडणारे लुटारू इतिहासात विरळाच. महाराष्ट्राच्या अन्य भागांतील सुशिक्षितांना, किंबहुना मराठवाड्यातील तरुणांनाही, ही हकीकत क्वचितच ठाऊक असते. आणि ती ज्या रस्त्यावर घडली त्या रस्त्यावर उभे राहून ऐकण्यात जे आहे ते पाठ्यपुस्तकात सापडावयाचे नाही.

तालुक्यातीलच गोरटे या गावी संतकवी दासगणू महाराजांची समाधी आहे. शेगावच्या गजानन महाराजांवरील त्यांची एकवीस अध्यायांची पोथी ज्या घरात नाही असे भाविक मराठी घर शोधावे लागेल. पण त्या पोथीच्या पारायणकर्त्यांपैकी कितीजणांना गोरटे कोठे आहे हे सांगता येईल? दक्षिणेस गोदाकाठची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन, उत्तरेस भोकरच्या अंगाने माळ आणि टेकड्या, आणि आणखी दक्षिणेस बिलोली-देगलूरकडे तर दख्खनचा काळा पाषाण संपून करड्या-तांबूस ग्रॅनाइटचा आरंभ. धर्माबादचा मिरचीचा बाजारही हाकेच्या अंतरावर. तेथे मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत सौदा चालतो, आणि हिशेबाच्या वेळी दख्खनी उर्दूही कामी येते. सरहद्दीवरच्या मुलखाचे हे वैभव आहे.

मग अडते कोठे? अडते ते पैशापाशी. दारी आलेल्याला भाकरी घालून तिचे दाम मागणे हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला अद्याप लाजिरवाणे वाटते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात शतकानुशतके लंगर चालतो आणि पंगतीला बसणाऱ्यास कोणी दर विचारीत नाही, हा आदर्श डोळ्यांसमोर असताना खाटेचे आणि जेवणाचे दरपत्रक दाराला कसे लावावे, असा त्याचा सवाल असतो. हा संकोच मला आदरणीय वाटतो. तथापि तो संपूर्ण सत्यावर उभा आहे असे मात्र वाटत नाही. लंगरामागे भाविकांच्या दानाचा अखंड ओघ आहे, कोरडवाहू शेतकऱ्यामागे तो नाही. शिवाय ज्या जुन्या आतिथ्याचे आपण गोडवे गातो, त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिरतीवर आलेल्या अंमलदाराचा मुक्काम पडला, म्हणजे वाड्यावर पंगत उठे. परंतु त्या पंगतीचे सरपण, घोड्यांचा चारा आणि सामानाचे ओझे वाहणारी माणसे गावकुसाबाहेरून वेठीने आणली जात. पाहुणचार देशमुखाच्या नावे आणि श्रम दुसऱ्याचे, असा तो शिरस्ता होता. दर ठरवून, कामाचा मोबदला ज्याचा त्याच्या हाती देऊन केलेले आतिथ्य यापेक्षा निश्चित अधिक स्वच्छ.

पश्चिम महाराष्ट्राने हा संकोच आधी सोडला. पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ 2005 च्या सुमारास कृषी पर्यटनाचा जो प्रयोग आरंभिला, त्याचे अनुकरण पुणे, सातारा, कोकण या भागांत झपाट्याने झाले, आणि 2020 मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून नोंदणीची सोय केली. पुण्यामुंबईच्या जवळिकीचा लाभ त्या केंद्रांना मिळाला हे उघड आहे. पण त्यांतील काहींची आजची अवस्था पाहिली, तर शेत नावापुरते, मुख्य आकर्षण पोहण्याचा हौद, आणि बैलगाडी केवळ छायाचित्रासाठी, असा प्रकार दिसतो. इटलीने 1985 साली या विषयावर जो कायदा केला त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुण्यांची सोय तिला पूरक असावी, अशी अट घातली होती. ही अट आपल्याकडील यजमानाने स्वतःच स्वतःला घालून घेतलेली बरी.

उमरीकडे हे सहज साधेल, कारण येथे खोटा देखावा उभारण्याइतके भांडवल कोणापाशी नाही. पौषात शाळूच्या रानात आगटी पेटवावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजून ती गरम असतानाच तळहातावर चोळावीत, आणि तो हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर व दह्याबरोबर पाहुण्यापुढे ठेवावा; सोबत गुळाचा खडा असावा. यात यजमानाला वेगळे काही करावे लागत नाही. करावे लागते ते इतरत्र: पिण्याचे शुद्ध पाणी, स्त्रियांसाठी कडी लागणारे स्वच्छ शौचालय, धुतलेली चादर, आणि स्टेशनावरून गावात पोहोचविणाऱ्या वाहनाचे ठरलेले भाडे. या चार गोष्टींपुढे गावाची कमान रंगविणे अगदीच गौण होय. चैत्र-वैशाखात मात्र कोणास बोलावू नये. त्या उन्हात येथील माणूसही दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि पाहुण्याला आजारी पाडून परत धाडणे हे कोणत्याही दरात बसत नाही.

आणखी एक प्रश्न उरतो, तो सणांचा. लातूर जिल्ह्यात वेळ अमावास्येच्या दिवशी गावे आणि शहरेही ओस पडतात. सारी माणसे शेतात जातात, कडब्याची कोप करून तिच्यात पांडव मांडतात, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचे जेवण वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून घालतात. अलीकडे या दिवसाची जाहिरात करून शहरी प्रवाशांना शुल्क घेऊन आणावे, अशी सूचना कानी येते. माझा तिला विरोध आहे. वर्षाचे इतर दिवस खाटेचा, जेवणाचा, बैलगाडीचा दर खुशाल घ्यावा, पावतीसुद्धा द्यावी. वेळ अमावास्येला जो मुक्कामाला असेल त्याच्या हिशेबात त्या दिवसाच्या जेवणाचा रकाना कोरा ठेवावा, आणि कारण विचारल्यास त्याला शेतात घेऊन जावे.