खांदेमळणी

कोठें आषाढांत बेंदूर असतो, कोठें श्रावणी अमावास्येस पोळा. सण कोणताहि असो, त्याच्या आदल्या सायंकाळीं शेतकरी बैलांची खांदेमळणी करितो. कढत पाण्यानें खांदा शेकावयाचा, मग तूप किंवा लोणी व हळद लावून तो हलक्या हातानें चोळावयाचा, एवढाच हा विधि. झूल, घुंगुरमाळा, वाजंत्री आणि पुरणपोळी हा थाट दुसऱ्या दिवसाचा. परंतु कृतज्ञतेचें खरें रूप आम्हांला त्या आदल्या सायंकाळींच दिसतें. वर्षभर जूं जेथें घासलें, नेमका तेथेंच धन्याचा हात जातो.

सुशिक्षित घरांत कृतज्ञतेवर बोलणें कमी होतें असें नाहीं. ब्राह्मण तीन ऋणें घेऊनच जन्मास येतो. ऋषींचें ऋण अध्ययनानें, देवांचें यज्ञानें व पितरांचें संततीनें फेडावें, हा तैत्तिरीय संहितेंतील विचार आपल्या परिचयाचा आहे. शतपथ ब्राह्मणानें या तिहींस चौथें ऋण जोडलें आहे, तें मनुष्यांचें. आणि त्याची फेड सांगितली आहे ती आल्यागेल्यास आसरा व अन्न देऊन. पहिल्या तिहींचा उच्चार आपण वारंवार करितों. चौथें तेवढें विस्मरणांत पडतें.

हें चौथें ऋण फेडण्याची एक रीत आपल्या समाजांत पुष्कळ काळ चालत आली होती. शिकण्यासाठीं खेड्यांतून पुण्यास आलेला गरीब विद्यार्थी सात घरीं सात वार लावून जेवीत असे. त्या अन्नावर कित्येक शिक्षक, वकील व पंडित घडले. हा इतिहास भूषणास्पद आहे. परंतु त्याला दोन ठिकाणीं कीड लागली होती, तीहि आपण पाहिली पाहिजे.

पहिली कीड उपकाराच्या उच्चाराची. ‘आमच्या सोमवारावर मोठा झाला’ हे शब्द चारचौघांत एकदां निघाले, कीं मोठा झालेला तो गृहस्थ पुढें त्या आळींतून जाण्याचेंच टाळी. येथें कृतघ्न कोण, हें ठरविणें आम्हांस सोपें वाटत नाहीं. ज्यानें दिलें तोच वसुलीस बसला, म्हणजे दानाची सावकारी होते.

दुसरी कीड याहून खोल. अन्नदानाचें पुण्य यजमानाच्या नांवें जमा होई. चुलीपुढें चार पोळ्या अधिक लाटणारी कोणाच्याच हिशेबांत नसे. पुष्कळदां ती घरांतील एखादी आलवणांतील आत्याबाई असे. तिला मंगलकार्यांत पुढें येण्याची मुभा नसे, मग शिकण्याची गोष्ट तर दूरच. विद्यार्थी पास झाला कीं पेढे घेऊन ओटीवर येई, यजमानांस नमस्कार करी व जाई. नमस्कार मनापासूनचा असे. परंतु जूं जेथें घासत होतें तेथवर तो पोंचत नसे.

तेथवर पोंचलेला एक हात आपल्याला ठाऊक आहे. अण्णासाहेब कर्वे (१८५८–१९६२) यांनीं मुंबईस शिक्षकाचें काम करीत असतां आपल्या गांवाच्या हितासाठीं ‘मुरुड फंड’ काढला. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्याच मुरुडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर कडवट झाला असता. अण्णासाहेबांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली. आणि १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. समाजाचें ऋण त्यांनीं समाजाच्या वागणुकीवरून मोजलें नाहीं.

आज वार लावून जेवणारा विद्यार्थी विरळा. खांदे मात्र आहेतच. आजारी आजींच्या उशाशीं रात्री जागून काढणारी धाकटी सून, पहाटे उठून दोन घरच्या पोळ्या उरकून आपल्याकडे येणारी बाई, संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं सभागृह झाडणारा गडी. आभाराच्या भाषणांत देणगीदारांची यादी येते. यांचें नांव येत नाहीं.

आमची सूचना लहान आहे. महिन्यांतून एक सायंकाळ घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, आणि त्या महिन्यांत आपलें ओझें कोणीं वाहिलें तें प्रत्येकानें नांव व काम घेऊन सांगावें. ‘सर्वांचे आभार’ हे शब्द त्या बैठकींत वर्ज्य समजावे. लहान मुलांनीं आरंभ करावा. वडीलधाऱ्यांनीं शेवटीं बोलावें, परंतु अवश्य बोलावें. मोलानें काम करणाऱ्यांचें नांव निघालें, तर तें दुसऱ्या दिवशीं त्यांच्या कानींहि घालावें.

आणि एक गोष्ट विसरूं नये. शेतकरी नुसता खांदा चोळून थांबत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो त्या खांद्यावर जूं ठेवीत नाहीं. ज्या काकूंचे आपण आभार मानले, त्यांना दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांतून सुटी मिळाली नाहीं, तर बैलाला जें मिळतें तेंहि आपण घरच्या माणसाला दिलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.