अनोळखी फाइलीची पारख

घरातील संगणकाच्या कप्प्यांत डोकावले असता कधीही न पाहिलेल्या नावांच्या असंख्य फाइली आढळतात. त्यांपैकी प्रत्येक फाइल घातक असतेच असे नाही. भीतीपोटी एखादी आवश्यक फाइल पुसून टाकल्यास संगणक सुरू होणेच थांबू शकते; उलटपक्षी, खरोखर घातक असलेली फाइल दुर्लक्षिली गेल्यास बँकेच्या खात्याचा परवलीचा शब्द परक्याच्या हाती पडू शकतो. म्हणून निर्णयापूर्वी परीक्षा आवश्यक ठरते.

पहिली कसोटी स्थानाची. ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची नित्याची फाइल होय. पण ती प्रणालीच्या कप्प्याऐवजी उतरवून घेतलेल्या फाइलींत सापडली, तर संशयास जागा आहे. दुसरी कसोटी नावाची. छायाचित्र भासणाऱ्या फाइलीच्या नावाअखेर ‘ईएक्सई’ ही अक्षरे असतील, तर ते चित्र नसून चालणारी आज्ञावली असते. तिसरी कसोटी निर्मात्याच्या अंकीय स्वाक्षरीची. मात्र तीही निर्णायक नव्हे. २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या स्वाक्षऱ्या वापरल्या होत्या.

चौथी कसोटी ठशाची. ‘एसएचए-२५६’ या गणितीय रीतीने कोणत्याही फाइलीपासून ६४ चिन्हांचा ठसा काढता येतो. ज्ञात घातक फाइलींच्या ठशांशी तो जुळला, तर दोष सिद्ध झाला असे समजावे. न जुळल्यास मात्र निर्दोषत्व सिद्ध होत नाही, कारण फाइलीत एका अक्षराचा बदल केला तरी ठसा संपूर्ण पालटतो. ठशावरून मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे खासगी कागदपत्र तपासणीसाठी परक्याकडे धाडण्यापेक्षा केवळ ठसा धाडणे श्रेयस्कर.

या कामी सरकारी साहाय्यही उपलब्ध आहे. नवी दिल्लीतील ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ सालापासून संगणकीय संकटांचा मागोवा घेत आली आहे. तिच्या वतीने चालणाऱ्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’चे उद्घाटन २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले. घातक आज्ञावली शोधून काढण्याची साधने हे केंद्र नागरिकांना विनामूल्य पुरविते.

एवढे करूनही संशय उरलाच, तर फाइल उघडू नये आणि घाईने पुसूही नये. विषाणुरोधक आज्ञावलीच्या साहाय्याने ती विलग करून ठेवावी. निर्दोष ठरल्यास ती परत जागी ठेवता येते. पुसलेली फाइल परत मिळेलच, याची शाश्वती नसते.